पाचगणीचा फ्रेडी आणि पांढऱ्या पेशींची न संपणारी ड्यूटी

कॉलेजचं गॅदरिंग असो नाहीतर क्रिकेटची फायनल, कुणीतरी एक जण सुरू करतो. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. धप धप, टाळी. धप धप, टाळी. मिनिटाभरात अख्खा हॉल सामील! बँड कुठला ते माहीत नसतं, शब्द तर त्याहून माहीत नसतात, पण ठेका सगळ्यांना पाठ. हे गाणं १९७७ सालचं, 'क्वीन' या ब्रिटिश बँडचं. लिहिलं ब्रायन मे या गिटारिस्टने आणि गायलं फ्रेडी मर्क्युरीने.

मित्रांनो, हा फ्रेडी आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या हॉस्टेलमध्ये वाढला हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी ज्या आजाराने तो गेला, त्या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं नेमकं काय होतं, हे किती जणांना सांगता येईल? 'एड्समध्ये पांढऱ्या पेशी मरतात' एवढं एका वाक्यात सगळेच सांगतात. पण त्या का मरतात, ही गोष्ट वाटते तेवढी सरळ नाही. म्हणूनच या लेखात दोन्ही गोष्टी बरोबर सांगतो – फ्रेडीची आणि त्या पेशींची.

बुलसारांचा फारोख

५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर एका पारशी घरात फारोखचा जन्म झाला. आडनाव बुलसारा. घराणं मूळचं गुजरातेतल्या बलसाडचं. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारी कचेरीत कॅशियर, आईचं नाव जेर, पाठची बहीण काश्मिरा. घरचं बरं चाललं होतं, पण मुलाचं शिक्षण चांगलं व्हावं म्हणून आई-वडिलांनी त्याला आठव्या वर्षी बोटीत बसवून भारतात पाठवलं. थेट पाचगणीला, सेंट पीटर्स स्कूलच्या बोर्डिंगमध्ये.

मुंबईहून पाचगणी गाठायची तर तेव्हाची वाट म्हणजे रेल्वेने पुणं आणि तिथून पुढे पसरणीचा घाट. मुंबई-पुणे गाडी म्हटली की ठाणे स्टेशन आलंच, आणि ठाणे स्टेशनला लागून आमचा नौपाडा! कितीतरी वर्षं बोर्डिंगची पोरं ट्रंका घेऊन आमच्या दारावरून गेली असतील, आणि त्यांच्यातलं एक पोरगं पुढे जग हलवणार आहे हे कुणाच्या गावीही नसेल.

आठ वर्षांच्या पोराला घर हजारो मैल लांब. दर सुट्टीत घरी जाणं शक्य नाही, मग मुंबईच्या नातेवाइकांकडे राहायचं. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. पण पोरगं रडत बसलं नाही. टेबल टेनिस खेळलं, बॉक्सिंग केलं, पियानोच्या चार परीक्षा दिल्या. 'फ्रेडी' हे नाव मित्रांनी दिलं ते इथेच. आणि १९५८ मध्ये पाच मित्रांनी मिळून शाळेतच बँड काढला, 'द हेक्टिक्स'. म्हणजे ज्या माणसाने पुढे वेम्बली स्टेडियम डोक्यावर घेतलं, त्याचा पहिला स्टेज शो टेबल लँडच्या सावलीत झाला.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला. बुलसारा कुटुंब हाताला लागेल ते सामान घेऊन इंग्लंडला गेलं आणि लंडनजवळ फेल्टमला राहिलं. फ्रेडीने ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला. खर्चासाठी जुने कपडे विकले, हीथ्रो विमानतळावर सामानसुद्धा उचललं.

चार शिकलेली डोकी

१९७० मध्ये ब्रायन मे, ड्रमर रॉजर टेलर आणि फ्रेडी एकत्र आले. बँडला 'क्वीन' हे नाव फ्रेडीने दिलं आणि स्वतःचं आडनावही बदलून 'मर्क्युरी' केलं. १९७१ मध्ये बेस गिटारवर जॉन डीकन आला. आपल्यासाठी खास गोष्ट अशी, की हा डीकन चक्क इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर! कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किट बोर्डातून त्याने छोटा अँप्लिफायर बनवला आणि तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं वाजला. ब्रायन मेची गिटार म्हणजे बाप-लेकाने घरी बनवलेला प्रोजेक्ट, जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा. त्याने अर्धवट टाकलेली खगोलभौतिकीची पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली. (बॅकलॉग असलेल्यांनी धीर सोडू नये!)

१९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, त्यात मध्येच ऑपेरा. रेडिओवर एवढं लांब गाणं कोण वाजवणार, असं कंपनीवाल्यांचं म्हणणं. तीन जणांचे आवाज एकावर एक चढवून अख्खा कोरस उभा केला, त्यासाठी टेप पुन्हा पुन्हा फिरवून अक्षरशः झिजली. गाणं इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात क्वीनला जेमतेम वीस-एकवीस मिनिटं मिळाली. तेवढ्यात वेम्बलीतले सत्तर हजारांहून जास्त लोक एका माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवत होते. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला लाखावर लोकांसमोर क्वीन वाजली. फ्रेडीचा बँडबरोबरचा तो शेवटचा कार्यक्रम ठरला.

दरम्यान, दुसरीकडे

जून १९८१ मध्ये अमेरिकेत काही तरुणांना विचित्र न्यूमोनिया झाल्याची पहिली नोंद झाली. १९८३ मध्ये पॅरिसला विषाणू सापडला, १९८५ मध्ये रक्ताची तपासणी आली. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातले पहिले बाधित नमुने शोधले, सहा. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. नेबवर्थला फ्रेडी गात होता त्याच वर्षीची ही गोष्ट.

एप्रिल १९८७ च्या सुमारास फ्रेडीला कळलं, की त्याच्या रक्तात एचआयव्ही आहे.

सबमिशनची रात्र

इथे जरा थांबून पेशींकडे वळू. आपल्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या एका गटाला सीडी-४ टी पेशी म्हणतात, निरोगी माणसात सुमारे पाचशे ते पंधराशे. या स्वतः फारशा लढत नाहीत, पण लढणाऱ्यांना ऑर्डर देतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी असोत, बाधित पेशींना मारणाऱ्या सीडी-८ पेशी असोत, सगळ्यांना यांची मदत लागते.

एरवी या पेशी निवांत असतात. घुसखोर आला की गस्तीवरच्या पेशी त्याचा तुकडा पकडून जवळच्या लिम्फ ग्रंथीत आणतात आणि दाखवतात. ज्या टी पेशीला तो तुकडा ओळखता येतो ती जागी होते, फुगते, भराभर विभागते. एकीच्या हजारो होतात. यालाच पेशी 'सक्रिय होणं' म्हणतात. आपल्या भाषेत, ही सबमिशनची रात्र! सगळे जागे, सगळ्यांचे दिवे चालू, चहावर चहा. सर्दीसारख्या आजारात आठवड्या-दोन आठवड्यांत घुसखोर संपतो, बहुतेक जागलेल्या पेशी मरून जातात, थोड्या 'आठवण' म्हणून राहतात आणि बाकी हॉस्टेल झोपी जातं. शरीराची घडण याच हिशोबाने झाली आहे: थोडे दिवस झटायचं, मग विश्रांती.

आता कल्पना करा, सबमिशन कधी संपतच नाही. आज आहे, उद्या आहे, पुढची दहा वर्षं रोज आहे. चिवट, कायमचा ठाण मांडून बसणारा विषाणू नेमकं हेच करतो.

एचआयव्ही तर आणखी डांबरट. तो शिरतो तोच सीडी-४ पेशीत, म्हणजे थेट कंट्रोल रूममध्ये. पेशी जागी होताना तिच्यातला एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू होतो आणि विषाणूची स्वतःची जनुकंही त्याच स्विचवर सुरू होतात. म्हणजे त्याला हुसकायला जितक्या पेशी जाग्या होणार, तितका त्याला कच्चा माल मिळणार. आग विझवायला आणलेल्या पाण्यातच रॉकेल!

दुसरी गोष्ट आतड्याची. आतड्याच्या भिंतीत शरीरातल्या टी पेशींचा फार मोठा साठा असतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्यातल्या सीडी-४ पेशींचा फडशा पडतो, भिंत गळकी होते, आणि आतड्यातल्या जीवाणूंचे अंश थेंबथेंब रक्तात झिरपायला लागतात. २००६ मध्ये हे संशोधनातून पुढे आलं. म्हणजे धोक्याची घंटा एका नव्हे, दोन बटणांवरून सतत वाजत राहते.

तिसरी गोष्ट सीडी-८ पेशींची, म्हणजे मारेकऱ्यांची. महिनोन्महिने एकच शत्रू समोर पाहून त्या दमतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक वाढत जातो. पेशी जिवंत असते, पण काम करत नाही. ना नीट विभागते, ना मारते. शास्त्रज्ञ याला सरळ 'थकवा' म्हणतात. हिपॅटायटिस बी आणि सी दीर्घकाळ राहिले तर त्यातही असंच दिसतं. पुढे हाच ब्रेक औषधाने सोडवून कॅन्सरवर उपचार निघाले आणि त्यामागच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं.

याचा पुरावा काय, असं व्हायव्हातल्या एक्स्टर्नलसारखं कुणी विचारेल. पुरावा आहे पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे जातीच्या माकडांचा. त्यांच्या अंगात एचआयव्हीचाच भाऊबंद शोभेल असा विषाणू असतो, भरपूर प्रमाणात असतो, जन्मभर असतो. तरी ती बहुधा आजारी पडत नाहीत. फरक एवढाच, की त्यांच्या पेशी सुरुवातीला जाग्या होतात आणि थोड्याच काळात शांत होतात. विषाणू तेवढाच, पण घंटा बंद! माणसात मात्र मरणाऱ्या सीडी-४ पेशींपैकी बहुतेकींत विषाणू धडपणे वाढतसुद्धा नसतो. त्या या कायमच्या जागरणात आणि गोंधळात बळी जातात.

शांत दिसणारी वर्षं

लागण झाल्यावर माणूस बरीच वर्षं धडधाकट दिसतो. त्यामुळे डॉक्टरांनाही आधी वाटायचं, की विषाणू झोपलेला असतो. १९९५-९६ मध्ये हा समज मोडला, आणि तो मोडायला गणित कामी आलं! रुग्णांना विषाणूची वाढ रोखणारं औषध दिलं आणि रक्तातला विषाणू दिवसागणिक कसा उतरतो ते मोजलं. डेव्हिड हो यांच्यासारखे डॉक्टर आणि अ‍ॅलन पेरेल्सन यांच्यासारखे गणिती एकत्र बसले, आपण एम-थ्रीमध्ये सोडवतो तशी डिफरन्शिअल इक्वेशन्स मांडली. उत्तर आलं, की शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात आणि जवळजवळ तेवढेच रोज नष्ट होतात.

पाण्याच्या टाकीचं गणित आठवा. वरून नळ पूर्ण सुरू, खालून तोटी पूर्ण उघडी. पातळी हलत नाही म्हणून बाहेरून बघणाऱ्याला टाकी शांत वाटते. आत मात्र रोज लढाई चालू असते आणि वर्षागणिक सीडी-४ चा आकडा घसरत जातो. तो दोनशेच्या खाली गेला की एड्स. मग एरवी निरुपद्रवी असलेले जंतूसुद्धा फुफ्फुसात शिरून न्यूमोनिया करतात.

फ्रेडीची १९८७ नंतरची वर्षं अशीच बाहेरून चालती-बोलती. त्या वर्षी मार्चमध्येच एझेडटी हे पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं होतं. पण हा विषाणू स्वतःची कॉपी मारताना इतक्या चुका करतो, की एकट्या औषधाला चकवणारा अवतार काही महिन्यांत तयार होतो. फ्रेडीला हातात असलेला वेळ कळला होता. त्याने काय केलं? काम वाढवलं. ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर 'बार्सिलोना' केलं. क्वीनबरोबर १९८९ मध्ये एक अल्बम, फेब्रुवारी १९९१ मध्ये दुसरा. 'द शो मस्ट गो ऑन' गायचं तेव्हा त्याला चालणंही जड होतं. हा सूर या अवस्थेत जमेल का, अशी ब्रायन मेला धास्ती होती, आणि फ्रेडीने तो लावून दाखवला, अशी आठवण मेने सांगितली आहे. मे १९९१ मधला त्याचा शेवटचा व्हिडिओ पाहा. हाडं दिसतात, मेकअपचा थर दिसतो, पण नजर तीच.

या सगळ्या काळात त्याने बाहेर काही सांगितलं नाही. बँडमधल्या तिघांना सांगितलं, जवळच्या मोजक्यांना सांगितलं. जन्मभराची मैत्रीण मेरी ऑस्टिन आणि त्याचा जोडीदार जिम हटन शेवटपर्यंत बरोबर होते. पेपरवाले घराबाहेर कॅमेरे रोखून बसले होते. त्या काळात या आजाराचं नाव घेतलं की माणसाची किंमत शून्य व्हायची. काम, घर, मित्र, सगळं जायचं. तेव्हा त्याने गप्प राहणं पत्करलं याचा न्याय आज आपण करू नये. पण एक विचार मनात येतोच. लपवताना आणि घाबरताना किती माणसं तपासणीच्या दारातूनच परत फिरली असतील!

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने जाहीर केलं, की आपल्याला एड्स आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनच्या राहत्या घरी न्यूमोनियाने त्याचं निधन झालं. अंत्यसंस्कार आई-वडिलांच्या श्रद्धेप्रमाणे, पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. १९९२ च्या एप्रिलमध्ये वेम्बलीत त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला आणि एचआयव्हीच्या कामासाठी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' उभा राहिला.

पाच वर्षं

१९९६ मध्ये तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली. एकाला चकवलं तरी तिघांना एकदम चकवणं विषाणूला जमत नाही. वरचा नळच बंद झाला! रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली येतो, सीडी-४ पुन्हा चढायला लागतात, आणि घंटेचा आवाज बराच कमी होतो. पूर्ण थांबत मात्र नाही, कारण काही निद्रिस्त पेशींत विषाणू दडून राहतो. म्हणून गोळी रोज आणि जन्मभर. फ्रेडीची गाडी पाच वर्षांनी चुकली.

सुरुवातीला ही औषधं वर्षाला हजारो डॉलरची होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच तिहेरी डोस गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभरच्या किमती कोसळल्या. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत उपचार मोफत सुरू झाले. आधी सीडी-४ खूप खाली गेल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून आकडा कितीही असो, निदान झालं की औषध सुरू. कारण आता कळलं आहे, की पेशींचं जागरण जितकं लवकर थांबवाल तितकं नुकसान कमी. लवकर उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये ज्या अभ्यासाने दाखवलं, त्यात नऊ देशांतली जोडपी होती आणि केंद्रांमध्ये चेन्नईबरोबर आपलं पुणंही होतं. आज नियमित गोळी घेऊन विषाणू मोजण्यापलीकडे गेला असेल, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही.

म्हणजे औषध आहे, फुकट आहे, चालतं आहे. मग अडतं कुठे? अडतं ते आपल्या कुजबुजीत. कुणीतरी वारंवार आजारी पडतो, बारीक होतो, आणि त्याच्या पाठीमागे कॉरिडॉरमध्ये चर्चा सुरू होते. मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसत नाही. एका ताटात जेवून, एक बाथरूम वापरून, मिठी मारून एचआयव्ही होत नाही, हे सगळ्यांनी दहावीच्या पुस्तकात वाचलेलं असतं, पण वागताना विसरतात. म्हणून कायदाही माहीत असावा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून कुणालाही शिक्षणसंस्थेत, नोकरीत किंवा राहण्याच्या जागेत भेदभावाची वागणूक देता येत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याची तपासणी करता येत नाही की त्याचा रिपोर्ट इतरांना सांगता येत नाही. हे विद्यार्थ्यांना जेवढं लागू, तेवढंच स्टाफलाही.

शंका असेल, किंवा मित्राला शंका असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर रूममेटने बरोबर जावं. केंद्राबाहेरच्या बाकावर तासभर बसून राहणं, एवढंच काम असतं त्याचं.